आधी गाडीखाली, मग शोरूममध्ये

वाचकाचं पत्र:

दादा, नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. २०१८ साली कर्ज काढून सव्वा टनाची डिझेल पिकअप घेतली, बीएस-४ या प्रदूषण नियमातली. मिस्टर स्वतः चालवतात. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून कांदा-बटाटा उचलायचा आणि कळवा, खारेगाव, ठाण्यातल्या दुकानांना पोचवायचा, हा रोजचा धंदा. पस्तीसएक गोणी भरतात. आठवड्यातून दोन दिवस भाऊच्या धक्क्यावरून मासळीचं भाडं मिळतं. कर्ज २०२३ मध्ये फिटलं. मीटर १ लाख ७० हजारांवर आहे. आता माल भरला की गाडी मागून बसते, चढाला काळा धूर सोडते, ओढ कमी झाली आहे. गेल्या पावसाळ्यापासून हौद्याखालून गंजाचे पापुद्रेही पडतात. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, नव्वद हजार धरा. माझा भाऊ म्हणतो, जुन्या गाडीत पैसा घालू नका, एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घ्या. शोरूमवाले तीन लाख द्यायला तयार आहेत. मिस्टरांना गाडी सोडवत नाही. हिशेब मी ठेवते म्हणून मीच विचारते. ही गाडी अजून किती वर्षं चालेल? विकू की ठेवू? ठेवली तर निगा नेमकी कशी राखायची? आणि पुतण्याकडे कारचं लायसन्स आहे, त्याला ही गाडी चालवायला दिली तर चालेल का?

— एक वाचक, कळवा

ताई, नमस्कार.

हिशेब तुम्ही ठेवता हे वाचून बरं वाटलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वहीत आहे. उरलेलं अर्धं गाडीच्या खाली आहे आणि तिथे अजून कुणी गेलेलं दिसत नाही.

माझं मत आधीच सांगतो. गाडी ठेवा, पण चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, धड असेल तरच. ते कळायला नव्वद हजार लागत नाहीत, एक सकाळ पुरते.

मेकॅनिक, भाऊ, शोरूमवाले, सगळे इंजिन आणि मीटर यांच्याभोवतीच बोलतायत. मला मात्र तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ओझरत्या आलेल्या त्या गंजाच्या पापुद्र्यांची. पिकअपचं इंजिन उतरवता येतं, रिंगा आणि बेअरिंग बदलून पुन्हा बसवता येतं. क्लच, टर्बो, गिअरबॉक्स, पाटे, सगळं बाजारात मिळतं. चासीचं तसं नाही. तिच्यावर ठोकलेला नंबर आरसीवर असतो आणि परिवहन खात्याच्या लेखी तीच तुमची गाडी. ती कुजली की वरचं कितीही नवं असलं तरी उपयोग नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा. गाडी रिकामी करून हौदा आणि खालची बाजू साध्या पाण्याने धुवा, एक दिवस वाळू द्या आणि रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजला न्या. तुर्भे आणि कळंबोली भागात मालगाड्यांची कामं करणारी बरीच गॅरेजं आहेत. इंजिनाचा अंदाज ज्याने दिला त्याच्याकडे हे काम देऊ नका, दुसरा माणूस बघा. दाजींनीही सोबत खाली जावं. टॉर्च, छोटी हातोडी आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर एवढंच लागतं. मागच्या कमानीचे पाटे चासीला जिथे टांगलेले असतात ते दोन्ही बाजूंचे हँगर आणि पाट्याला जोडणाऱ्या शॅकल नावाच्या कड्या, मागच्या चाकांच्या वरचा चासीचा भाग, लांब पट्ट्यांना आडव्या पट्ट्या जोडलेले सांधे, फाळक्याखालची शेवटची आडवी पट्टी आणि हौदा चासीवर बोल्टने बसवलाय त्या जागा, एवढं इंच-इंच बघा. हातोडी मारल्यावर चांगलं पोलाद खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. तारेच्या ब्रशने घासल्यावर तांबूस गंज निघाला आणि खाली सलग धातू लागला, तर घाबरण्यासारखं काही नाही. पण पोलाद थराथराने सुटत असेल, स्क्रू-ड्रायव्हर आत जात असेल किंवा हँगरजवळ बारीक चीर दिसत असेल, तर या गाडीत इंजिनाचा पैसा घालू नका. विकून टाका.

कुणी म्हणेल, पट्टी मारून वेल्डिंग करून देतो. हौद्याला चालेल, चासीच्या भार घेणाऱ्या भागाला चालणार नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद कमजोर होतं आणि पुढची चीर पट्टीच्या कडेलाच जाते. माल भरलेल्या गाडीचा हँगर मुंब्रा बायपासच्या उतारावर सुटला तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यात एक दिलासाही आहे. पापुद्रे हौद्याच्या तळाचे असू शकतात. तो पत्रा बॉडीवाले कापून नवा घालून देतात आणि तो खर्च चासीच्या मानाने किरकोळ असतो. म्हणून आधी पापुद्रा नेमका कुठून सुटतोय ते बघा, मग काळजी करा.

आता गंज आला कुठून, ते. मासळीच्या क्रेटमधून गळणारं पाणी खारं असतं. ते हौद्यातून मागे वाहतं, फाळक्याच्या बिजागऱ्यांतून खाली उतरतं आणि शेवटच्या आडव्या पट्टीवर, हँगरवर साचतं. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात कांदा. कांद्याची फोलपटं हौदा आणि चासी यांच्या फटीत जाऊन बसतात, ओल धरून ठेवतात आणि चासीतून पाणी निघून जावं म्हणून ठेवलेली भोकं बुजवतात. म्हणजे मीठ, ओल आणि झाकण, तिन्ही एका जागी. वर खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पावसाळा सगळ्याच पिकअपना असतो, पण तुमच्या गाडीचं वय वाढवलंय ते आठवड्याच्या त्या दोन भाड्यांनी.

माझा आग्रह आहे की मासळीचं भाडं सोडा. सोडणं परवडत नसेल तर त्याचा दर वाढवून घ्या आणि वाढीव पैसा गाडीवर लावा. क्रेटखाली उभ्या कडांचा, गळणार नाही असा ट्रे किंवा जाड ताडपत्री अंथरा, आणि त्यातलं पाणी हौद्यात न सांडता उचलून ओता. भाडं संपल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हौदा, फाळका आणि मुख्य म्हणजे खालची बाजू धुवा. उद्यावर ढकलू नका, कारण मीठ रात्रभर आपलं काम करत राहतं. महिन्यातून एकदा वाकवलेल्या तारेने चासीची भोकं मोकळी करा, फोलपटं खरवडून काढा.

गंज थांबवणारा लेप मे महिन्यात लावायचा, गाडी खडखडीत वाळलेली असताना, सैल गंज घासून काढल्यावर. ओल्या गंजावर लेप मारला तर ओल आत कोंडते आणि वरून सगळं काळंभोर छान दिसत राहतं. अनेक ड्रायव्हर खालून जळकं ऑइल फवारून घेतात, ते करू नका. पहिल्या जोरदार पावसात ते धुतलं जातं, रबरी बुश आणि होस फुगून खराब होतात आणि ते ऑइल शेवटी नाल्यातून खाडीत जातं, जिथून आपलेच लोक मासे काढतात.

आता वजन. ताई, इथे मला दाजींशी थोडं कडक बोलावं लागेल. सव्वा टन म्हणजे १,२५० किलो. गोण ५० किलोची धरली तर २५ गोणी. तुम्ही पस्तीस लिहिलंय. म्हणजे १,७५० किलो, क्षमतेच्या वर ५०० किलो, ४० टक्के जास्त. गाडी मागून बसते याचं कारण शोधायला कुठे जायची गरज नाही. पोलादाला एकदा जास्त भार दिला तर ते तोलतं, पण रोज दिला की थकतं, आणि हा थकवा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या कितीतरी पटीने वाढतो. म्हणूनच अशा गाड्यांचे पाटे, सेंटर बोल्ट, मागचे बेअरिंग आणि शाफ्टचे क्रॉस एकापाठोपाठ एक जातात आणि मालकाला वाटतं की गाडीच खराब निघाली.

आता कुणीतरी सुचवेल की कमानीत एक पाटा वाढवून घ्या. त्याने गाडी बसायची थांबेल आणि डोळ्यांना बरं वाटेल. पण पाटा वाढवून ब्रेक वाढत नाहीत, धुरा जाड होत नाही, टायर मजबूत होत नाहीत. आधी कमान जो धक्का खात होती, तो आता थेट चासीला बसतो. तुमची चासी आधीच मीठ खाऊन बसलीय. थकलेले पाटे कंपनीच्या मापाचे नवे टाका, बुश आणि यू-बोल्टसकट, आणि तिथेच थांबा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो तो वेगळाच. पण दंडापेक्षाही मला ब्रेकची धास्ती वाटते. कळव्याच्या अरुंद रस्त्यावर शाळेच्या वेळी अर्धा टन जादा घेऊन कुणी येऊ नये. दहा गोणींसाठी वेगळी फेरी मारायची की दुकानदाराला एक दिवसाआड माल द्यायचा, हे तुम्ही वहीत मांडून बघा. डिझेलबरोबर टायर, क्लच आणि पाट्यांचा खर्चही त्यात धरा. मला वाटतं, दहा गोणींचा नफा त्यातच जातोय असं दिसेल. एखाद्या दिवशी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती वहीत चिकटवली तर आणखी चांगलं.

इंजिन उतरवण्याबद्दल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. त्याची स्वस्त कारणं आधी तपासायची असतात: चोंदलेला एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत हवा नेणारा फाटलेला किंवा सैल होस, काजळीने जाम झालेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप). त्यानंतर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर तपासायला द्यायचे. वर ४० टक्के जादा माल घेऊन चढ चढणाऱ्या गाडीची ओढ कमी वाटणारच, त्यात इंजिनाचा दोष किती हे वजन कमी केल्याशिवाय कळत नाही. इंजिन आतून झिजलंय याची लक्षणं वेगळी: निळसर धूर, ऑइल सारखं टाकावं लागणं, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडलं की जोरात वाफारा येणं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, घटतंय आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही, असं असेल तर हेड गॅस्केट बघायचं. मेकॅनिकला सरळ विचारा: कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासला का, प्रत्येक सिलिंडरचे आकडे किती आले? आकडे नसतील तर नव्वद हजारांचा अंदाजही नाही, असं समजा. आकडे चांगले आले तर काम बहुधा फिल्टर, होस, ईजीआर आणि इंजेक्टरवरच भागेल. आकडे खरोखर पडलेले असले, तरी चासी धड असलेल्या गाडीत नव्वद हजार घालणं मला चुकीचं वाटत नाही. तेव्हा मात्र कोणते भाग बदलणार, कोणत्या कंपनीचे, आणि हमी किती महिन्यांची, हे कागदावर लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा.

मीटर १ लाख ७० हजार दाखवतो, पण तुमच्या गाडीचं खरं वय त्यातून कळत नाही. मार्केटच्या गेटवर रांगेत, गाळ्यासमोर, ठाणे-बेलापूर रोडच्या कोंडीत इंजिन चालूच असतं आणि मीटर हलत नाही. सरासरी ताशी २० किलोमीटर धरली तर १ लाख ७० हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ८,५०० तास. तेवढंच अंतर महामार्गावर ताशी ५० ने कापणाऱ्या गाडीचे ३,४०० तासच होतात. म्हणून मॅन्युअलमध्ये समजा १० हजार किलोमीटरला ऑइल बदला असं लिहिलं असेल, तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळी सूचना असते, ती पाळा. ती सापडली नाही तर सरळ निम्म्यावर बदला. ऑइल ज्या दर्जाचं सांगितलंय त्याच दर्जाचं, फिल्टर दर वेळी नवा. रांगेत उभं असताना इंजिन बंद करायची सवय लागली तर डिझेलही वाचेल. फक्त भरलेली गाडी ओढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळत राहतं.

दुर्लक्षाने सगळ्यात जास्त इंजिनं मारणारी गोष्ट म्हणजे कूलंट. रेडिएटरमध्ये बोअरचं किंवा नळाचं पाणी ओतत राहिलं की आत क्षार साचतात, मग पाणी फिरत नाही, एक दिवस हेड तापून वाकतं आणि त्याचा खर्च इंजिनाच्या कामाजवळ जातो. तयार कूलंट घ्या किंवा घट्ट कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. गाडीत एक बाटली कायम ठेवा, म्हणजे वाटेत टपरीवरचं पाणी ओतायची वेळ येणार नाही. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची, दुकान जवळ आलंय म्हणून रेटायची नाही.

डिझेल फिल्टरच्या तळाला साचलेलं पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तो उघडून बघा. अशा कॉमन रेल इंजिनाच्या, म्हणजे डिझेल खूप दाबाने फवारणाऱ्या इंजिनाच्या, पंपाला आणि इंजेक्टरना पाण्याचा थेंबही सोसत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदला. शाफ्टचे क्रॉस, शॅकल, किंगपिन, जिथे-जिथे ग्रीसचं निपल आहे तिथे महिन्याला ग्रीस, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक असली तरी फार जुना टायर भरल्या गाडीला नको, आणि पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, कधीही नको. हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. तिथे पाणी साचलेलं असेल तर थांबा किंवा दुसरा रस्ता धरा, कांदा तासभर उशिरा पोचला तरी चालतं. एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत पाणी आलं की ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे दाजींना आणि पुतण्याला दोघांनाही पाठ करून ठेवायला सांगा. ढकलून बाहेर काढायची आणि टो करून न्यायची. चाकं बुडाली असतील तर पुढच्या काही दिवसांत डिफरन्शियलचं ऑइल बघून घ्या, दुधाळ दिसलं तर बदला. हबमधलं ग्रीससुद्धा तपासा.

आता पैसा. नव्या गाडीसाठी समजा आठ लाखांचं कर्ज घेतलंत, पाच वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी. हप्ता साधारण १७,४०० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर. वर नव्या गाडीचा विमा. वहीतून गेल्या तीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च काढा, टायर आणि बॅटरीसकट, आणि गाडी बंद राहिल्याने बुडालेले दिवसही त्यात घाला. हे बुडालेले दिवस बहुतेक जण मोजत नाहीत, पण जुन्या गाडीची खरी किंमत तिथेच असते. वर्षाची बेरीज लाख-सव्वा लाखाच्या आत असेल तर जुनी गाडी तुम्हाला कमवून देते आहे. दोन लाखांकडे सरकली आणि त्यात दर महिन्याला गाडी उभी राहत असेल, तर भावाचं म्हणणं बरोबर आहे.

ठेवायचं ठरलं तर आजपासून दर महिन्याला सहा-सात हजार वेगळ्या खात्यात टाका, गाडीच्या नावाने. हप्ता संपल्यापासून ते पैसे घरखर्चात मिसळत असतील, म्हणूनच नव्वद हजार ऐकून धडकी भरली. शेजारच्या दोन-तीन पिकअपवाल्यांशी बोलूनही ठेवा. तुमची गाडी कामाला गेली की त्यांनी तुमचा माल उचलायचा, त्यांची गेली की तुम्ही. दुकानदार टिकतो तो असा.

नवीच घ्यायची वेळ आली तर भावाला एक गोष्ट नक्की सांगा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळून टाकायला सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगात पळावी लागते. तुर्भे ते कळवा हे अंतर थोडं, कोंडी भरपूर, आणि ड्रायव्हर मध्येच गाडी बंद करणारा. अशा वापरात तो फिल्टर चोंदतो आणि बदलायचा झाला तर खर्च मोठा येतो. तुमच्या धंद्याला सीएनजी जास्त जुळेल, जरी पंपावरची रांग आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी मागे लागते. टनभर माल नेणाऱ्या विजेवरच्या छोट्या गाड्याही आता मिळतात. रात्री गाडी लावता तिथे चार्जिंगची सोय होत असेल तर रोजच्या ठरलेल्या फेरीसाठी त्यांचा विचार जरूर करा.

जुनं डिझेल म्हणून घाबरण्याचं कारण सध्या नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दलचे जे आदेश तुम्ही ऐकता, ते दिल्ली राजधानी क्षेत्रासाठीचे आहेत. मात्र मुंबई महानगर प्रदेशातल्या पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. वारं कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून कळतं. माझ्या मते पाच वर्षांचं कर्ज काढून आत्ता नवी डिझेल गाडी घेण्याच्या विरुद्धच तो मुद्दा जातो.

कागदांचं एवढं बघा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. २०१८ ची गाडी म्हणजे २०२६ पासून दरवर्षीचा फेरा, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात पर्यावरण करही लागतो, तो वहीत धरा. २०१९ च्या १ एप्रिलआधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते, ती बसवली नसेल तर आधी ते काम करा. कर्ज फिटलं म्हणता, पण आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवला का? बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय तो उतरत नाही, आणि तो असेपर्यंत गाडी विकताना अडून बसाल.

पुतण्याचं लायसन्स चालेल. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीसाठी वेगळी नोंद लागत नाही. पण कार चालवणं वेगळं आणि भरलेली पिकअप थांबवणं वेगळं. महिनाभर दाजींनी शेजारी बसावं.

किती वर्षं चालेल, हे तुम्ही पहिलंच विचारलंत. चासी चांगली निघाली, गोणी पंचविसावर आल्या आणि मासळीचं पाणी बंद झालं, तर अजून चार-पाच वर्षं धरून चालायला हरकत नाही. पस्तीस गोणी आणि खारं पाणी असंच चालू राहिलं तर नवी गाडीही त्याच रस्त्याने जाईल आणि तेव्हा हप्ता चालू असेल.

आणि ते तीन लाख. चासी कुजलेली निघाली तरी शोरूमचा आकडा लगेच धरू नका. नव्या गाडीची किंमत आधी ठरवा, एक्स्चेंजचं नाव न काढता. सूट किती देतात ते लिहून घ्या, मग जुन्या गाडीचा विषय काढा. दोन्ही एकत्र बोललं की एका खिशातला पैसा दुसऱ्यात दाखवला जातो. वाशी आणि कल्याणकडच्या दोन जुन्या गाड्यांच्या दलालांकडूनही भाव काढा. घेणाऱ्याला चासीचं खरं सांगा, कारण ती गाडी याच रस्त्यांवरून दुसऱ्या कुणाचं तरी घर चालवणार आहे. रॅम्पवर काय दिसलं ते फोटोंसह मला कळवा. डावा आणि उजवा, दोन्ही बाजूंचे मागचे हँगर जवळून काढा, आणि तोवर कुठल्याही कागदावर सही करू नका.